‘दिसले’ या शब्दाची शंभर वर्षे

सोलापुरात होटगी रस्त्याच्या आसपास ज्यांची हयात गेली, त्यांच्या परिचयाचा विमानतळ होता, विमान नव्हते. कुंपणापलीकडची धावपट्टी, तिच्या कडेने माजलेले गवत, क्वचित एखाद्या मंत्रिमहोदयांचे छोटे विमान आणि मध्यंतरी काही काळ चालून बंद पडलेली मुंबईची एक सेवा, एवढीच त्या विमानतळाची जमा होती. ९ जून २०२५ रोजी गोव्याची नियमित सेवा सुरू झाली, त्याच वर्षाच्या उत्तरार्धात मुंबईशीही दळणवळण जुळले, आणि गच्चीवर वाळवण राखीत बसणाऱ्यांना विमानाची वेळ तोंडपाठ झाली. तेव्हापासून माझ्या मनात एक जुनाच प्रश्न नव्याने घोळू लागला : रस्त्याला दुभाजक असतो, रुळाला सिग्नल असतो, ज्या आकाशात रेघ ओढता येत नाही आणि गाडी थांबवून बाजूला उभी करता येत नाही, तेथे ही विमाने एकमेकांपासून अंतर राखतात ती कोणाच्या भरवशावर?

‘डोळ्यांच्या’ हे या प्रश्नाचे पहिले उत्तर, आणि त्याचा अपुरेपणा प्रवासी विमाने उडू लागल्यावर थोड्याच वर्षांत उघडा पडला. ७ एप्रिल १९२२ रोजी फ्रान्सच्या पिकार्डी प्रांतात, पॅरिसहून प्रवासी घेऊन निघालेले एक विमान आणि लंडनहून टपाल घेऊन येणारे दुसरे, धुक्यात वाट चुकू नये म्हणून खालच्या एकाच हमरस्त्याचा माग धरून परस्परविरुद्ध दिशांनी उडत होती. दोघांनीही जमिनीवरचा रस्ता नीट पाहिला, एकमेकांना मात्र वेळेत पाहिले नाही, आणि ७ माणसे प्राणास मुकली. त्या काळी आकाशाचा जो जाबता घडत होता तो बहुतांशी समुद्राकडून उसना घेतलेला होता : डाव्या पंखाला तांबडा दिवा, उजव्याला हिरवा, शेपटीला पांढरा, समोरासमोर आल्यास दोघांनीही उजवीकडे वळावे, वाटा एकमेकींना छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरे विमान असेल त्याने वाट द्यावी. ही कलमे आजही अंमलात आहेत. परंतु त्यांतील प्रत्येकाच्या पोटी ‘दिसल्यास’ हा शब्द अध्याहृत आहे, याचा विसर पडता कामा नये.

आपल्याकडे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू येथे टपाल घेऊन आले तेव्हा त्यांच्या लहानग्या पस मॉथ विमानात रेडिओ नव्हता, आणि वाटेत दुसरे विमान आडवे येण्याचा संभव इतका अल्प होता की, निदान अंतर राखण्यासाठी तरी त्याची उणीव भासण्याचे कारण नव्हते. आकाश मोकळे होते तोवर डोळा पुरत होता. गर्दी वाढली, वेग वाढला आणि डोळा मात्र होता तेवढाच राहिला, हेच या शंभर वर्षांच्या इतिहासाचे सार आहे.

तो किती अपुरा पडतो याचा हिशेब सोलापुरी मापानेही करता येतो. मालदांडी जोंधळ्याचा चारेक मिलिमीटरांचा एक दाणा चिमटीत धरून हात सरळ लांबवावा; होटगी रस्त्यावर उतरणाऱ्या एटीआर जातीच्या विमानाचे २७ मीटरांचे पंख सुमारे ४ किलोमीटरांवरून जेवढे रुंद दिसतात, तेवढाच तो दाणा दिसतो. आता अशी दोन विमाने ताशी ५०० किलोमीटरांच्या वेगाने समोरासमोर येत आहेत असे मानले, तर ते ४ किलोमीटरांचे अंतर १४ सेकंदांत संपते. आणि वस्तू नजरेस पडणे, ती विमान आहे हे ओळखणे, धडक होणार हे उमगणे, उपाय ठरवणे, हात हलणे आणि विमानाने तो हुकूम मानणे या साऱ्यांस मिळून साडेबारा सेकंद लागतात, असे अमेरिकेच्या विमानखात्याने वैमानिकांना बजावून ठेवले आहे. म्हणजे दाणा दिसल्यावर विचारासाठी शिल्लक उरतो तो जेमतेम दीड सेकंद.

याहून कपटी गोष्ट अशी की, जे विमान आपल्यावर आदळणार असते ते समोरच्या काचेवर सरकत नाही. मानवी नजर हालचालीने वेधली जाते. इकडून तिकडे जाणारे विमान म्हणूनच चटकन दिसते आणि ते बहुधा निरुपद्रवी असते, तर घातक विमान मात्र काचेवर एखाद्या डागासारखे एकाच ठिकाणी चिकटून बसते आणि अखेरच्या चारपाच सेकंदांत एकाएकी फुगत जाते. त्यात आमच्याकडच्या वैशाखातल्यासारखे धुळीने पांढुरके झालेले आकाश समोर असले, की पाहण्याजोगे काहीच न सापडल्यामुळे डोळा आपोआप जवळच्या अंतरावर स्थिरावतो आणि दूरचे दिसेनासे होते. म्हणूनच नजर सरसकट न फिरवता आकाशाचे दहा-दहा अंशांचे तुकडे पाडून प्रत्येकावर निदान एक सेकंद ठरावे, अशी वैमानिकांना शिकवण असते. श्रीसिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत सात नंदीध्वज ठरलेल्या क्रमाने एवढ्या गर्दीतून चालतात आणि कोणाचा कोणाला धक्का लागत नाही, कारण तेथला वेग पावलांचा असतो, आणि पावलांच्या वेगाला डोळा पुरतो.

३० जून १९५६ रोजी अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनच्या दरीवर, २१,००० फुटांच्या उंचीवर, दोन प्रवासी विमानांची टक्कर होऊन १२८ माणसे दगावली. तेथे नियंत्रकाचा अंमल नव्हता; ‘पाहावे आणि टाळावे’ हाच कायदा होता आणि भोवती ढगांचे मनोरे उभे होते. त्यानंतर १९५८ साली अमेरिकेने विमानवाहतुकीसाठी स्वतंत्र केंद्रीय खाते निर्माण केले आणि रडारचा विस्तार झाला. तथापि डोळ्याला रजा मिळाली नाही. विमानतळाजवळ एकामागून एक विमाने उतरवायची तर रडारचे मैलामैलांचे अंतर राखण्यात वेळ फार जातो. म्हणून अशी सोय झाली की, वैमानिकाने ‘ट्रॅफिक इन साइट’, म्हणजे समोरचे विमान दिसले, असे कळवल्यास नियंत्रकाने त्यापासून दूर राहण्याचे काम त्याच्याच नजरेवर सोपवावे.

हा शब्द वरकरणी खबर देणारा वाटतो. वस्तुतः तो सुपूर्दनामा आहे. त्याच्या उच्चाराबरोबर अंतर राखण्याची जबाबदारी नियंत्रणकक्षातून उठून वैमानिकाच्या कक्षात जाऊन बसते, आणि या हस्तांतराला साक्षीदार नसतो, रुजुवात नसते. दिसले ते नेमके कोणते विमान, हे कोणी ताडून पाहत नाही. २५ सप्टेंबर १९७८ रोजी सॅन दिएगो शहरावर एका बोइंगच्या वैमानिकांना पुढे असलेल्या छोट्या सेसना विमानाची वर्दी मिळाली, त्यांनी ते दिसल्याचे कळवले, नियंत्रकाने नजरेने अंतर राखण्यास सांगितले. पुढे ते विमान त्यांच्या नजरेतून निसटले, ते मागे पडले असावे असा त्यांनी ग्रह करून घेतला, आणि आपण ते हरवले आहे हे नियंत्रकाला स्पष्ट शब्दांत कळवले नाही. सेसना त्यांच्या नाकाखालीच होती. १४४ माणसे गेली. ‘दिसले’ म्हणण्याची रीत सर्वांना ठाऊक होती. ‘दिसेनासे झाले’ म्हणण्याचीही तितकीच सक्ती हवी, हा धडा त्या तहकिकातीने घालून दिला.

भारताला हा धडा १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या शेतांवर मिळाला. दिल्लीहून निघालेले सौदी अरेबियाचे बोइंग १४,००० फुटांवर आणि दिल्लीकडे उतरणारे कझाकस्तानचे इल्युशिन १५,००० फुटांवर राहावे, असा हुकूम होता. येणाऱ्याजाणाऱ्यांस एकच हवाई वाट होती, तेव्हाच्या रडारच्या पडद्यावर उंची उमटत नव्हती, आणि समोरचे विमान दिसताच कळवावे, असेही नियंत्रकाने कझाक वैमानिकांना सांगितले होते. परंतु त्या सांजवेळी ते विमान आपली नेमून दिलेली उंची सोडून खाली आले आणि ३४९ जीव गेले. हवेतल्या टकरींत आजवरची ही सर्वांत मोठी प्राणहानी. न्यायमूर्ती लाहोटी यांच्या चौकशीनंतर येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या झाल्या, उंची दाखवणारे रडार आले, आणि टक्कर टाळणारे जे यंत्र वैमानिकांच्या बोलण्यात ‘टीकॅस’ म्हणून येते ते विमानांत बसवणे सक्तीचे झाले. दोन विमानांतील ही यंत्रे परस्परांशी बोलून एकाला चढण्याचा आणि दुसऱ्याला उतरण्याचा हुकूम देतात. असा हुकूम आणि नियंत्रकाचा शब्द यांत विरोध आला तर यंत्राचेच ऐकावे, ही गोष्ट जगाला पटण्यास मात्र १ जुलै २००२ रोजी जर्मनीतील युबरलिंगेन येथे ७१ बळी जावे लागले.

उंचीची वाटणी तर आमच्या गच्चीवरूनही पाहता येते, म्हणजे पाहता येत नाही हे कळते. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानांनी विषम आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांनी सम हजारांची उंची धरावी असा शिरस्ता आहे, आणि २९,००० फुटांवरच्या आकाशात दोन थरांमधले २,००० फुटांचे अंतर २७ नोव्हेंबर २००३ पासून आपल्याकडे १,००० फुटांवर आले. हिवाळ्याच्या सकाळी पांढऱ्या रेघा ओढीत दोन विमाने समोरासमोर येताना दिसली की शेजारची मुले श्वास रोखून धरतात. ती एकमेकांवरून निघून जातात तेव्हा मधली ३०५ मीटरांची पोकळी आमच्यापैकी कोणालाच दिसलेली नसते. ती आहे ती उंचीमापकाच्या आकड्यांत आणि नियमाच्या वहीत.

याच सोलापुरावर २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ढगांत बीजारोपणाचा प्रयोग केला. २७६ ढगांचा अभ्यास झाला, आणि त्यासाठी दोन विमाने होती, एक बी पेरणारे आणि दुसरे ढगांचे मोजमाप घेणारे. दुष्काळी जिल्ह्याचे डोळे ज्या ढगांकडे लागलेले असतात, त्यांच्याच पोटात शिरल्यावर वैमानिकाच्या डोळ्यांना पांढऱ्या अंधाराखेरीज काही दिसत नाही; तेथे दोन विमानांना वेगळे ठेवायचे तर ते उंची, वेळ आणि रेडिओ यांनीच.

दिसणे आणि निर्धोक असणे या दोन भिन्न गोष्टी होत, याचा दाखला तर आमच्या विमानतळाच्या उंबरठ्यावर कित्येक वर्षे उभा होता. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे ९० मीटर उंचीची चिमणी पंचक्रोशीत कोणाला दिसत नव्हती? तरी ती विमानाच्या वाटेत आहे या मुद्द्यावर वर्षानुवर्षे वाद चालला, उत्पादक सभासदांनी तिच्यासाठी जिवाचे रान केले, आणि १५ जून २०२३ रोजी ती पाडण्यात आली. तो वाद कोणाचा किती खरा होता, हे सांगण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु जी वस्तू अख्ख्या गावाला दिसते तीही पुरेशी सुरक्षित मानली जात नाही, कारण विमानवाहतुकीचा नियम स्वच्छ दुपार गृहीत धरून लिहिलेला नसतो, एवढे त्यातून शिकण्यासारखे आहे. याच विवेकाने आपल्याकडे केवळ नजरेच्या नियमांवरची उड्डाणे, खास सवलतीवाचून, सूर्यास्तानंतर २० मिनिटांनी थांबतात.

आणि तरीही, चिमणी पडल्यानंतर आणि गोव्याचे विमान येण्यापूर्वी, २९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये पोटोमॅक नदीवर, उतरत्या प्रवासी विमानावर लष्करी हेलिकॉप्टर आदळून ६७ माणसे मेली. समोरचे विमान दिसते काय, असे मनोऱ्याने विचारले होते. दिसते, असे उत्तर आले होते, आणि नजरेने अंतर राखण्याची परवानगीही मागून घेण्यात आली होती. मागे शहराचे हजारो दिवे लुकलुकत होते. त्या विमानतळाभोवती ही पद्धत त्यानंतर बंद करण्यात आली. पिकार्डीच्या धुक्यापासून पोटोमॅकच्या दिव्यांपर्यंत १०३ वर्षे लोटली, यंत्रे आली, खाती आली, जाबते जाडजूड झाले. तो एक शब्द मात्र आपले जुनेच वजन घेऊन उभा आहे.

डोळा निकामी आहे, असा याचा अर्थ नव्हे. रोज असंख्य विमाने त्याच्याच भरवशावर नीट उतरतात. दोष आहे तो एकदा दिलेली कबुली कायमची मानण्याच्या सवयीत. ‘दिसले’ हा क्षणाचा दाखला आहे आणि पुढच्या क्षणी तो पुन्हा मिळवावा लागतो. ज्याला तो मिळत नाही त्याने विनासंकोच ‘दिसत नाही’ म्हणावे, आणि ते ऐकून कोणी त्याला कमी लेखू नये. दुपारी गोव्याचे विमान येताना दिसले की मी अजूनही चिमटीतला दाणा त्याच्यापुढे धरून पाहतो. विमान दाण्याआड जाते, आणि मी हात खाली घेईपर्यंत ते बरेच मोठे झालेले असते.