ड्रॅग स्ट्रिपवरचा पहिला दिवस: शेजारची गाडी विसरा, पावती वाचा

(आपल्या ताज्या भागाचं हे शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी बोलणं तसंच ठेवलं आहे.)

आजचा भाग एका श्रोत्याच्या प्रश्नावरून सुचला. हे गृहस्थ अमेरिकेत राहतात. त्यांच्या गावाजवळ ड्रॅग स्ट्रिप आहे आणि तिथं ‘टेस्ट अँड ट्यून’ची संध्याकाळ असते. म्हणजे प्रवेश फी भरायची, आपली रोजची गाडी घेऊन जायचं आणि पट्टीवर पळवून बघायची. त्यांनी विचारलंय, "पहिल्यांदाच जातोय. हसं होऊ नये म्हणून काय करू?"

माझं उत्तर एका वाक्यात सांगतो. पहिल्या दिवशी शेजारच्या गाडीला हरवायला जाऊ नका, टायमिंगची पावती वाचायला शिकायला जा. आता हेच जरा सविस्तर बघू.

आधी, ही पट्टी आहे कशासाठी?

ड्रॅग रेस म्हणजे उभ्या गाडीनं सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे १,३२० फूट, मीटरमध्ये साधारण ४०२, कमीत कमी वेळात कापायचं. काही ठिकाणी अर्धंच अंतर असतं, ६६० फूट. खेड-जुन्नरकडच्या घाटातला बैलगाडा ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल. तिथंही बारी सेकंदातच मोजतात ना!

अमेरिकेत ‘हॉट रॉड’ मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये एनएचआरए ही संघटना काढली. पोरं रस्त्यावर शर्यती लावायची; त्यांना तिथून उचलून सुरक्षित जागी आणावं, हा हेतू. त्यामुळे पट्टीवरचा प्रत्येक नियम, कितीही किरकोळ वाटला तरी, गाडी आणि माणूस दोन्ही धड घरी जावेत यासाठी आहे. हे डोक्यात ठेवलं की तिथल्या माणसांच्या सूचनांचा राग येत नाही.

घरून निघण्याआधी

गाडी रिकामी करा. डिकीतलं सामान, मागच्या सीटवरची छत्री, दारातल्या बाटल्या, सगळं बाहेर. यात वजन कमी करण्यापेक्षा मोठं कारण आहे: सुटी बाटली घरंगळून ब्रेकच्या पेडलखाली गेली तर काय होईल याचा विचार करा. ड्रायव्हरच्या बाजूचं सुटं पायपुसणंही काढा. डॅशबोर्डवरचा गणपती पक्का चिकटवलेला असेल तर राहू दे. सुटा असेल तर त्या दिवसापुरता घरी देव्हाऱ्यात ठेवा.

चाकांचे नट आवळलेले आहेत ना, टायरमधून तारा दिसत नाहीत ना, बॅटरी हलत नाही ना, कुठून तेल किंवा कूलंट गळत नाही ना, हे बघा. पट्टीवर टेक इन्स्पेक्शनला हेच तपासतात. तिथं नापास होऊन परत येण्यापेक्षा आदल्या दिवशी घरी बघितलेलं बरं.

अंगात पूर्ण लांबीची पँट आणि पायात बंद बूट. चप्पल, सँडल, हाफ पँट चालत नाही. हेल्मेटचं म्हणाल तर एनएचआरएच्या नियमानुसार पाव मैल १३.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या गाडीला स्नेल प्रमाणपत्राचं हेल्मेट लागतं. साधी चार सिलिंडरची घरगुती गाडी १६ सेकंदांच्या आसपास धावते, त्यामुळे तिला कदाचित लागणार नाही. पण अनेक पट्ट्यांचे स्वतःचे नियम याहून कडक असतात, म्हणून आधी फोन करून विचारा. आणि खरं सांगू? नियम नसला तरी घाला.

एक रुक्ष पण महत्त्वाची गोष्ट: आपल्या विम्याची पॉलिसी वाचा. बहुतेक पॉलिसींमध्ये शर्यतीत झालेलं नुकसान वगळलेलं असतं. हिशेब करूनच गाडी रांगेत लावा.

रांगेपासून दिव्यांपर्यंत

तपासणी झाली की काचेवर पांढऱ्या शू पॉलिशनं नंबर लिहितात आणि तुम्ही रांगेत लागता. इथं एसी बंद करा. एसीचं पाणी गाडीखाली ठिबकतं आणि सुरुवातीच्या रेषेवर पाणी पडलं की पुढच्याची चाकं घसरतात.

पुढे एका जागी मुद्दाम पाणी टाकलेलं दिसेल. ते रेसिंगचे टायर लावलेल्यांसाठी आहे. ते लोक तिथं चाकं भिजवून जागेवर फिरवतात, धूर काढतात, त्यानं रबर तापतं आणि चिकटतं. तुमचे टायर रस्त्याचे आहेत. त्यांच्या खाचांत पाणी अडकतं आणि ते तुम्ही रेषेपर्यंत घेऊन जाता. म्हणून पाण्याला वळसा घालून जा. हवंच असेल तर पाण्यापुढं कोरड्या जागी चाकं क्षणभर फिरवा, धूळ झटकली जाते, तेवढं पुरे.

आता समोर दिव्यांचा खांब, ‘ख्रिसमस ट्री’. १९६३ पासून ही पद्धत आहे. त्याआधी झेंडा दाखवायचे. सगळ्यात वर छोटे दिवे असतात. जमिनीलगत दोन प्रकाशकिरण आडवे गेलेले असतात, एकमेकांपासून साधारण ७ इंचांवर. पुढचं चाक पहिल्या किरणात आलं की ‘प्री-स्टेज’चा दिवा लागतो. इथं थांबा. शेजारच्याचाही हा दिवा लागू द्या, हा तिथला शिष्टाचार आहे. मग ब्रेकवरचा पाय अगदी हळू सैल करत मुंगीच्या पावलानं पुढं या. ‘स्टेज’चा दिवा लागला की तिथंच थांबा. दोघं तयार झाले की दिवे आपोआप सुरू होतात: तीन पिवळे एकाखाली एक, अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं, मग हिरवा. हिरव्याआधी निघालात तर लाल.

जुने खेळाडू शेवटचा पिवळा दिसला की निघतात. डोळ्यानं बघून पाय हलायला वेळ लागतो, आणि गाडीलाही किरणाबाहेर पडायला वेळ लागतो. हिरव्याची वाट बघितली तर तेवढा उशीर होतो.

पण नवख्यानं याची अजिबात चिंता करू नये. का, ते पुढच्या मुद्द्यात.

पावती: खरा गुरू

धाव संपली की परतीच्या रस्त्यावर एका खिडकीतून छापील पावती मिळते. तिच्यावर बहुतेक हे आकडे असतात.

पहिला रिॲक्शन टाइम, म्हणजे हिरवा दिवा आणि तुमचं निघणं यातला वेळ. दुसरा ईटी, म्हणजे निघाल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंतचा वेळ. लक्षात घ्या, ईटीचं घड्याळ हिरव्या दिव्यावर सुरू होत नाही. तुमचं चाक किरणाबाहेर पडतं तेव्हा सुरू होतं. म्हणजे हिरवा लागल्यावर दोन सेकंद शांत बसून निघालात तरी ईटीला धक्का लागत नाही. टेस्ट अँड ट्यूनमध्ये कोणी हरत-जिंकत नाही. मग घाई कशाला?

स्पर्धेत मात्र दोन्ही आकडे मोजले जातात. समजा ‘अ’ची रिॲक्शन ०.१०० आणि ईटी १५.२०, एकूण १५.३०. ‘ब’ची रिॲक्शन ०.४५० आणि ईटी १५.००, एकूण १५.४५. ‘ब’ची गाडी जास्त वेगवान, तरी ‘अ’ आधी पोचला. लोक इंजिनावर लाखो खर्च करतात आणि हा वेळ दिव्याखाली सांडतात.

तिसरा आकडा ६० फुटांचा वेळ. माझ्या मते नवख्यासाठी हाच सगळ्यात मोलाचा. गाडी जागेवरून कशी उचलली हे तो सांगतो. ढोबळ हिशेब असा की इथं एक दशांश सेकंद वाचवला तर शेवटी दीड ते दोन दशांश वाचतात. आणि चौथा, शेवटच्या टप्प्यातला वेग. तो इंजिनाची ताकद सांगतो. वेग चांगला पण ईटी वाईट, तर इंजिनाला दोष देऊ नका, सुरुवात सुधारा.

म्हणून वही ठेवा. टायरमधली हवा, किती आरपीएमला निघालात, तापमान, सगळं लिहा. आणि एका धावेला एकच गोष्ट बदला. हवा कमी केली, आरपीएम वाढवला, ट्रॅक्शन कंट्रोलही बंद केला आणि वेळ सुधारली, तर कशानं सुधारली हे कसं कळणार? पहिली धाव काहीही न बदलता, ट्रॅक्शन कंट्रोल चालू ठेवून, अर्ध्या जोरानं करा. ती नुसती वाट पाठ करण्यासाठी.

संध्याकाळी गार झाल्यावर वेळ आपोआप सुधारते, कारण गार हवा दाट असते. तेव्हा ते कौतुक स्वतःच्या नावावर मांडू नका! दोन धावांच्या मध्ये बॉनेट उघडून इंजिनही गार होऊ द्या.

रेषेनंतरचं, जे कोणी सांगत नाही

सगळे सुरुवातीबद्दल बोलतात. मला शेवटाची जास्त काळजी वाटते.

रेषा ओलांडली की करकचून ब्रेक मारू नका. ॲक्सिलरेटर सोडा, हळूहळू ब्रेक लावा, आपल्याच लेनमध्ये राहा. बाहेर पडायचं वळण ज्याच्या बाजूला तो आधी वळतो; दुसऱ्यानं शेजारची गाडी कुठं आहे हे डोळ्यानं बघितल्याशिवाय तिच्या पुढून जाऊ नये. वळण चुकलं तर पुढच्या वळणाला जा. पट्टीवर गाडी उलटी फिरवून परत यायचं नाही, कधीच नाही.

मधेच गाडी घसरायला लागली तर पाय उचला. धाव गेली तरी चालेल, दुसरी मिळते. इंजिनात काही फुटल्याचा आवाज आला तर कडेला भिंतीशी घ्या आणि थांबा, तेल सांडत शेवटपर्यंत जाऊ नका. मागून येणाऱ्याचा जीव त्या तेलावर असतो. आग नसेल तर बेल्ट लावून आतच बसा, माणसं तुमच्यापर्यंत येतात.

पुढची पायरी

दोन-चार संध्याकाळी झाल्या आणि तुमच्या वेळा एकमेकींजवळ येऊ लागल्या की ब्रॅकेट रेसिंग बघा. त्यात आपली वेळ आपणच आधी जाहीर करायची. तुम्ही १६.०० सांगितली आणि समोरच्यानं १४.००, तर तुम्हाला दोन सेकंद आधी हिरवा मिळतो. जाहीर वेळेपेक्षा लवकर पोचलात तर एरवी बादच होता. म्हणजे घरची साधी गाडी महागड्या गाडीला रीतसर हरवू शकते, फक्त चालवणारा दरवेळी तसाच चालवणारा हवा. वही तिथं कामाला येते.

आपल्याकडे महाराष्ट्रात आंबी व्हॅलीच्या विमान धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ झालेली आहे. देशातल्या मोटर स्पोर्ट्सचा कारभार एफएमएससीआय बघते. त्यांच्या मान्यतेची स्पर्धा आहे का आणि लायसन्स कोणतं लागतं हे आधी विचारून घ्या. अशा संधी इथं कमी मिळतात, हे मान्य. म्हणून पोरं रात्री मोकळा रस्ता शोधतात. पण रस्त्यावर परवानगीशिवाय शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्या रस्त्यावर दूध घेऊन येणारा माणूस तुमच्या शर्यतीत नसतो. पट्टीवर समोरून कोणी येत नाही. बाकी सगळ्या सोयी बाजूला ठेवल्या तरी प्रवेश फी एवढ्यासाठीच वसूल होते.

तर श्रोते महाशय, जाऊन या. शेजारच्याला आधीच सांगून टाका की माझी पहिलीच वेळ आहे. तिथली मंडळी आनंदानं मदत करतात. आणि पावतीचा फोटो आम्हाला पाठवा. १८ सेकंद आले तरी पाठवा, ६० फुटांचा आकडा आपण मिळून वाचू.

भेटूया पुढच्या भागात.