पंचनाम्याच्या आधीचे काम

महसूल खात्यात सुमारे तीन तपे लेखणी झिजवून आम्ही निवृत्त झालो. ह्या काळात आमच्या हातून किती पंचनामे लिहिले गेले ह्याची गणती आम्ही ठेविली नाही. परंतु त्या सर्वांचा मायना एकच असे. अमुक तारखेस अमुक गटातील अमुक पीक वाऱ्याने, पावसाने अगर गारांनी नष्ट झाले, पंचांनी समक्ष पाहिले, सही, अंगठा, शिक्का. जे गेले ते कागदावर आणणे एवढेच आमचे काम. जाण्याच्या आधी काही करिता आले असते काय, हा प्रश्न पंचनाम्याच्या नमुन्यात नव्हता, आणि आम्हीही तो बरीच वर्षे विचारिला नाही.

आज ह्या मासिकातून संकटनिवारणासाठी देशोदेशी चाललेल्या सहकार्याविषयी लिहावयाचे योजिले आहे. हा विषय खेड-मावळच्या कास्तकारास दूरचा वाटेल. योकोहामा येथे १९९४ साली, ह्योगो प्रांतात २००५ साली आणि सेंदाई येथे २०१५ साली, अशा तीन जागतिक परिषदा जपानात भरल्या, व शेवटच्या परिषदेत २०३० सालापर्यंतचा आराखडा ठरला, एवढ्याने आपल्या विहिरीस पाणी लागत नाही हे आम्हांसही समजते. तथापि ह्या सहकार्यातून निघालेल्या काही गोष्टी आपल्या बांधापर्यंत येऊन पोहोचल्या आहेत. त्यांचाच येथे विचार करावयाचा आहे. परिषदांची भाषणे ज्यांस हवी त्यांनी अन्यत्र वाचावीत.

‘निसर्ग’ चक्रीवादळ आपणांपैकी कोणी विसरले नसेल. ३ जून २०२० रोजी दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेस श्रीवर्धननजीक किनाऱ्यावर चढले. त्या समयी वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. घाट ओलांडून ते आपल्या जिल्ह्यात आले आणि मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर ह्या तालुक्यांत घरांचे पत्रे, विजेचे खांब व फुलशेतीची हरितगृहे त्याने आडवी केली. समुद्राचे वादळ चाकणच्या माळावर येईल हे आपल्या वाडवडिलांच्या स्वप्नातही नव्हते. पण त्याची वर्दी मात्र दोन-तीन दिवस आधी आली होती. ती कोठून आली?

जागतिक हवामान संघटना व संयुक्त राष्ट्रांचा आशियाविषयक आयोग ह्यांच्या विद्यमाने १९७२ पासून उत्तर हिंदी महासागराच्या काठच्या देशांचे एक मंडळ काम करीत आहे. आज त्यात भारत, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका, म्यानमार, थायलंड, मालदीव, ओमान, इराण, कतार, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती व येमेन असे तेरा देश आहेत. ह्यांतील काही देशांचे एकमेकांशी बोलणेचालणेही धड नाही. तरीही वादळाची बातमी ते एकमेकांपासून लपवीत नाहीत, आणि त्या सर्वांस सल्ला देण्याचे काम दिल्लीच्या हवामान कचेरीकडे आहे. वादळांची नावेही हेच तेरा देश सुचवितात. एप्रिल २०२० मध्ये प्रत्येकी तेरा मिळून १६९ नावांची नवी यादी प्रसिद्ध झाली. तिच्यातील पहिलेच नाव ‘निसर्ग’, आणि ते बांगलादेशाने दिलेले. आपल्या हरितगृहाचे प्लॅस्टिक फाडणारा पाहुणा ढाक्याहून नाव घेऊन आला होता!

वर्दी येणे निराळे आणि ती कानी पडणे निराळे. येथे आम्हांस आमचाच एक दोष सांगितला पाहिजे. आम्ही नोकरीत नवखे असताना एका तालुक्याच्या कचेरीत आवक-जावक पाहात होतो. एका शनिवारी सायंकाळी जिल्ह्याहून बिनतारी संदेश आला की पुढील दोन दिवसांत गडगडाटासह जोराच्या पावसाचा संभव आहे, गावोगाव कळवावे. आम्ही तो नोंदवहीत चढविला, क्रमांक घातला आणि योग्य त्या मेजावर ठेविला. मेजावरचे गृहस्थ सोमवारी आले. रविवारी रात्री पाऊस झाला होता. कांदा काढून शेतातच पडला होता, तो सारा भिजला व सडला. त्या कांद्याचे पंचनामे आम्हीच लिहिले. एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हांस विचारिले, “भाऊसाहेब, सरकारला आधी कळत न्हाई का हो?” आम्ही खाली मान घालून क्षेत्र विचारिले. कळले होते, त्याचा आवक क्रमांकही होता, हे आम्ही त्यांस सांगितले नाही.

म्हणून बांगलादेशाचे उदाहरण आम्हांस फार मोलाचे वाटते. १९७० च्या नोव्हेंबरात तेथील वादळात तीन लाखांवर माणसे दगावली. त्यानंतर तांबडा अर्धचंद्र संस्थेच्या परदेशी जाळ्याची मदत घेऊन तेथे गावोगाव स्वयंसेवक नेमण्यात आले. त्यांच्या हाती दिले काय? तर कर्णा, निशाण आणि भोंगा. दिल्लीहून वा ढाक्याहून आलेली वर्दी शेवटच्या खोपटापर्यंत पायी नेणे हेच त्यांचे काम. वादळे आजही तेवढीच येतात. पण २००७ च्या ‘सिद्र’मध्ये मृतांची संख्या साडेतीन हजारांच्या आसपास राहिली, आणि २०२० च्या ‘अम्फान’मध्ये तर ती शंभराच्याही आत होती. आपल्याकडे ओडिशानेही हाच कित्ता गिरविला. १९९९ च्या महावादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ च्या ‘फायलीन’पूर्वी लाखो लोकांस हलविण्यात आले व मृत्यू पन्नासाच्या आत राहिले. ह्यात उपग्रहाचा वाटा आहेच, पण पायी चालणाऱ्या माणसाचा वाटा त्याहून कमी नाही असे आमचे मत आहे.

हरितगृहांविषयी एक गोष्ट येथेच सांगून टाकितो. जपानात दरसाल वादळे येतात. वारा सांगाड्यास न पेलण्याइतका वाढणार असे दिसताच तेथील शेतकरी वरचे प्लॅस्टिक आपण होऊन काढितात, वेळ नसल्यास सरळ कापून टाकितात. कापड जाते, पण लोखंड उभे राहते. कारण वाऱ्यास शिडासारखे धरणारे तेच कापड असते. हे ऐकून एका फुलबागाईतदार मित्राने आम्हांस वेड्यात काढिले. त्यांचा सांगाडा कर्जाचा होता, आणि तो ३ जून रोजी पिळवटून पडला. कापड फाडण्यास छाती लागते हे खरे. विम्याच्या अटी मात्र पावसाळ्यापूर्वीच वाचून ठेवाव्यात, नाहीतर स्वहस्ते कापलेल्या कापडावर वाद उपस्थित व्हावयाचा.

आता भूकंपाकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात धरणी हादरली व सुमारे आठ हजार माणसे मेली. धक्का जगाच्या मानाने फार मोठा नव्हता. माणसे मेली ती मुख्यतः घरांनी. चिखलात रचलेल्या दगडी जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद. भिंतीची आतली व बाहेरली बाजू एकमेकींस बांधलेली नसल्याने ती मधोमध उकलली आणि माळवद झोपलेल्यांवर आले. त्यानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून मोठे पुनर्वसन झाले. बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली. ह्या नव्या गावांविषयी आमचे मत मिश्र आहे. रस्ते सरळ व रुंद, घरे शहराच्या धर्तीची. परंतु गुरे कोठे बांधावी, कडबा कोठे रचावा, हे आखणी करणाऱ्यांस सुचले नाही. ह्याउलट, जी गावे जागच्या जागी राहिली तेथील दीड लाखांहून अधिक घरांची डागडुजी व मजबुती करण्यात आली, ते काम आमच्या दृष्टीने अधिक मोलाचे. त्यातील युक्ती साधी आहे. भिंतीत ठराविक अंतरावर एका अंगापासून दुसऱ्या अंगापर्यंत आरपार जाणारे दगड घालणे, दाराखिडक्यांच्या वर चारी भिंतींस मिळून सलग काँक्रीटचा पट्टा बांधणे, आणि माळवदावरील मातीचा भार उतरविणे. कोणत्याही गवंड्यास हे येते, फक्त सांगणारा पाहिजे.

सांगणारे कोण झाले हेही ऐकण्यासारखे आहे. लातूर-धाराशिवकडील गावांत ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ ह्या संस्थेने बायांस संवाद सहायक म्हणून नेमिले. त्या घरोघर जाऊन बांधकाम नीट होते की नाही हे पाहात व मालकास समजावीत. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा ह्याच मराठी बाया तेथे गेल्या. पुढे २००४ च्या सुनामीनंतर तामिळनाडूतही. तुर्कस्तानातील भूकंपग्रस्त बायांशीही त्यांची अनुभवांची देवघेव झाली. एका संकटातून उठलेल्याने दुसऱ्यास हात देणे ह्याहून चांगला आंतरराष्ट्रीय करार आम्हांस ठाऊक नाही.

आपल्या पट्ट्यातील धोका मात्र भूकंपाहून निराळा आहे. पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळेगाव व चाकण ह्या परिसरात आपल्या बांधाला कारखान्याची भिंत लागलेली आहे. भिंतीपलीकडे रंग, वायू, द्रावणे काय साठविली आहेत हे अलीकडच्या शेतकऱ्यास ठाऊक नसते. शीतगृहे तर आपलीच. त्यांतल्या पुष्कळांत बटाटा थंड राहतो तो अमोनियाच्या बळावर.

१९८४ च्या भोपाळ दुर्घटनेने साऱ्या जगाचे डोळे उघडले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाने १९८८ साली ‘अपेल’ नावाचा कार्यक्रम काढिला. त्याचे सूत्र हे की कारखान्याशेजारच्या वस्तीस धोका आधी सांगावा व तिची तयारी करून घ्यावी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९३ साली मोठे औद्योगिक अपघात टाळण्याचा करार केला. त्यास भारताने २००८ साली मान्यता दिली. आपल्याकडे १९८९ चे घातक रसायनांविषयीचे नियम व १९९६ चे रासायनिक अपघातांविषयीचे नियम आहेत. कागदपत्र वाचण्याची आम्हांस खोड असल्याने त्यांतील दोन गोष्टी वाचकांच्या नजरेस आणितो. पहिली अशी की, ठराविक प्रमाणाहून अधिक घातक रसायन बाळगणाऱ्या कारखानदाराने, अपघात झाल्यास ज्यांस बाधा होईल अशा शेजाऱ्यांस धोक्याचे स्वरूप व त्या वेळी काय करावे हे कळविलेच पाहिजे. दुसरी अशी की, औद्योगिक टापूसाठी प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जो स्थानिक गट नेमावयाचा, त्यात जवळच्या गावच्या सरपंचास अगर पुढाऱ्यास जागा आहे. आम्ही चार-पाच सरपंचांस विचारिले. एकासही ह्या जागेची वार्ता नव्हती. ग्रामसभेत ठराव करून प्रांत कचेरीत लेखी विचारणा करण्यास एक कागद लागतो. पोच घेण्यास विसरू नये.

अमोनियाचा वास आलाच तर वाऱ्याच्या दिशेने पळू नये. वाऱ्यास आडवे होऊन बाजूस निघावे व ओले फडके नाकातोंडावर धरावे. वारा कोणीकडून आहे हे शेतकऱ्यास कोणी शिकविण्याची गरज नाही.

डोंगरकडेच्या बांधवांसाठी माळीणचे नाव पुरे आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील ते गाव डोंगराखाली गेले व दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. गाव जागेवर नाही हे पहिल्याने एस.टी.च्या चालकाच्या ध्यानी आले. तेथे चिखल उपसणारी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी आपल्याच शेजारी, सुदुंबरे येथे राहते. ह्या दलाचे जवान २०११ साली जपानात, २०१५ साली नेपाळात व २०२३ साली तुर्कस्तानात गेले होते. कोसळलेल्या कोणत्या घराचा शोध झाला हे भिंतीवर रंगाने लिहिण्याची खूण साऱ्या जगात एक ठरलेली आहे, म्हणून परक्या देशाच्या पथकासही ती वाचिता येते. परंतु दल येते ते दरड पडल्यावर. उतार खणून सपाटी करिताना पाण्यास वाट ठेवणे, आणि प्लॉट पाडण्याच्या मोहात ओढा न बुजविणे, हे काम दलाचे नव्हे, आपले आहे. झाडे कलू लागली, घरामागे भेग पडली, झऱ्याचे पाणी अकस्मात गढूळ झाले, तर त्या रात्री तेथे निजू नये.

शेवटी विजेविषयी. ह्या संकटात शेतात काम करणारा माणूसच प्रामुख्याने सापडतो. पुणे येथील उष्णदेशीय हवामान संस्थेने, जी १९६२ पासून काम करीत असून आता पाषाणच्या बाजूस आहे, विजा टिपणारी यंत्रे देशभर बसविली असून त्यांवर ‘दामिनी’ नावाची सोय भ्रमणध्वनीवर दिली आहे. आपल्या भोवती वीस व चाळीस किलोमीटरच्या टापूत वीज असल्यास ती इशारा देते. ह्याच संस्थेने पावसाच्या अंदाजाचे गणित अमेरिकेतून आणून आपल्या मान्सूनसाठी सुधारून घेतले, हेही सहकार्यच होय. यंत्र नसल्यास जुना हिशेब आहेच: वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत मोजावे, तीन आकड्यांस एक किलोमीटर. तीस मोजण्याच्या आत आवाज आला तर औत सोडून पक्क्या घरात जावे, झाडाखाली नव्हे.

आमच्या गावी दोन वर्षांपूर्वी एक व्यवस्था केली. दामिनीचा इशारा येताच शाळेचा शिपाई घंटा बडवितो, व ती ऐकून खुरपणीच्या बाया समाजमंदिरात येतात. गेल्या मोसमात घंटा सात वेळा वाजली. पाच वेळा काहीच झाले नाही व मालकांनी मजुरीचा वेळ बुडाला म्हणून कुरकूर केली. सहाव्या वेळी ओढ्याकडेचा आंबा उभा फाटला. त्याच्या बुंध्याशी बायांची भाकरीची गाठोडी राहिली होती. सातव्या वेळी कोणी कुरकुरले नाही. घंटेची दोरी आता झिजली आहे. ती बदलण्याचा विषय येत्या मासिक सभेत घ्यावा असे आम्ही ग्रामपंचायतीस लेखी कळविले आहे.