फटफटी आणि तिचे तीन हंगाम

मूलजवळच्या आमच्या गावी, कोठ्यातल्या कोपऱ्यात बाबांची राजदूत उभी होती आणि तिच्या फाटक्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. भंगारवाला आला होता, किलोच्या भावानं बोलत होता. पण कोंबडीला उठवायला आई तयार होईना, म्हणून सौदा त्या दिवशी राहिला. पिल्लं निघायला एकवीस दिवस लागतात. तेवढ्यात माझा विचार बदलला आणि गाडी टेम्पोत घालून मी चंद्रपूरला, तुकूममधल्या घरी आणली.

बाबा धानोरा तालुक्यात प्राथमिक शिक्षक होते. गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी, आणि त्यानंतरच्या वर्षी ही गाडी घरात आली. आमच्याकडे तिला राजदूत म्हणणारे थोडे. ती ‘फटफटी’. मास्तर येतात हे गावाला दोन वळणं आधी कळायचं, आणि पोरं पाटी-पेन्सिल गोळा करून शहाण्यासारखी बसायची.

या फटफटीचं मूळ फार लांबचं आहे. पोलंडमध्ये किएल्त्से नावाचं शहर आहे, तिथल्या एसएचएल कारखान्यात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एम-११ नावाची मोटारसायकल निघाली. तिचं तंत्र आणि आराखडे घेऊन एस्कॉर्ट्स कंपनीनं १९६२ पासून फरिदाबादला राजदूत १७५ काढायला सुरुवात केली. नावात १७५, प्रत्यक्षात इंजिन १७३ सीसीचं. एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, तीन गिअर. सुरुवातीच्या गाड्यांना पुढे आजच्यासारखे नळीचे शॉकअपही नव्हते, मूळ पोलिश गाडीसारखा झुलता फाटा होता. दिसायला बोजड, पळायला बेताची. बुलेटचा रुबाब तिच्यात नव्हता आणि पुढे आलेल्या यामाहा आरएक्स १०० ची झेपही नव्हती. धर्मेंद्र जाहिरातीत तिच्यावर बसला, ‘बॉबी’मध्ये १९७३ साली तिची बुटकी बहीण जीटीएस पडद्यावर आली आणि ‘बॉबी’ याच नावानं विकली गेली. पण थोरली खपली ती दूधवाल्यांत, शेतकऱ्यांत आणि आमच्या बाबांसारख्या नोकरदारांत.

का खपली, ते इंजिन उघडल्यावर कळतं. टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, इंजिनाला वेगळं ऑइल पंप करणारी यंत्रणा नाही. पेट्रोलमध्येच ‘टूटी’ ऑइल मिसळायचं, लिटरमागे चाळीसेक मिली, आणि तेच आत जाता जाता पिस्टनला वंगण देतं. बाकी पॉइंट, कंडेन्सर, प्लग. तीन गोष्टींची शंका आळीपाळीनं घेतली की गाडी सुरू. बाबांच्या पिशवीत खडूच्या पेटीशेजारी पॉलिशपेपरचा तुकडा असायचा, पॉइंट घासायला. ज्या रस्त्यावर तीस-चाळीस किलोमीटर मेकॅनिक नाही तिथे यापेक्षा मोठा गुण कोणता?

हल्ली शहरात जुन्या गाडीचं रूप पालटणं हा शौक आहे, आणि चांगल्या अंगानं तो धंदाही झाला आहे. मुंबईत अक्षय वर्दे यांच्या ‘वर्देन्ची’नं या कामाला नाव मिळवून दिलं. कॅफे रेसर, बॉबर, चॉपर हे शब्द पोरांच्या तोंडी असतात. यातला कॅफे रेसर लंडनच्या चहा-कॉफीच्या अड्ड्यांवरून आला, बॉबर महायुद्धानंतरच्या अमेरिकेतून. दोन्हींचं तत्त्व एकच, नको ते काढून टाका. माझ्या मते आमच्या झाडीपट्टीनं, म्हणजे पूर्व विदर्भानं, हे काम कधीच करून ठेवलं होतं, फक्त उलट्या बाजूनं. आमच्याकडे गाडीला लागायचं ते जोडलं जायचं. मागे लोखंडी पट्टीचं कॅरिअर, त्यावर धानाचं पोतं किंवा मोहफुलांची टोपली. दुधाच्या कॅनना बाजूला कड्या. चिखल अडकून चाक जाम होऊ नये म्हणून मडगार्ड वर उचलून बसवलेलं. पावसाळ्यात नाल्याशी थांबून गाडी डोंग्यात आडवी घालायची, दोघांनी धरायची, पलीकडे उतरवून पॉइंटचं झाकण काढून फुंकर मारायची. भामरागडला पर्लकोटा नदीला पूर आला की गावांचा संपर्क तुटतो, ही अजूनही दर पावसाळ्याची बातमी असते. त्या भागात गाडी डोंग्यात बसते ही नवलाची गोष्ट नाही.

म्हणून मी ठरवलं होतं की बाबांनी करून घेतलेलं ते बेढब कॅरिअर काढायचं नाही. भाच्याला हे अजिबात पटलं नाही.

काम सुरू झालं ते दुर्गापूर रस्त्यावरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या सल्ल्यानं. मी रंगाचं कार्ड घेऊन गेलो होतो. त्यांनी ते उघडलंही नाही. म्हणाले, “भाऊ, रंग मंग. पयले जंग काढा. जंग रायला तं रंग पोपडे धरते.”

जंग काढण्यात दोन महिने गेले. शनिवार-रविवार, आणि तेही सकाळचेच. मडगार्ड, चेनकव्हर, टूलबॉक्स, हेडलाइटचा डोम सगळं सुटं केलं, प्रत्येक नट-बोल्ट वेगळ्या डब्यात, डब्यावर खडूनं नाव. जुना रंग खरवडताना खालून आणखी एक काळा थर निघाला, त्याखाली विटकरी रेडऑक्साइड. सर्वांत अवघड टाकी. आत वाटीभर गंजाचा चुरा होता. त्यात मूठभर जुने नट आणि पाणी घालून टाकी गोधडीत गुंडाळली आणि पाळण्यासारखी हलवत बसलो. तीन वेळा तांबडं पाणी निघालं, चौथ्यांदा स्वच्छ. मग गंज खाणारं आम्ल, मग सोड्याचं पाणी, मग उन्हात. तळाशी टाचणीएवढं एक भोक सापडलं. ते डाग देऊन बुजवायला दिलं तेव्हा वेल्डरनं आधी टाकी पाण्यानं जवळजवळ काठोकाठ भरली, भोकाची बाजू वर ठेवली. रिकामी टाकी पेट्रोलच्या वाफेनं भरलेली असते आणि ठिणगीला तेवढं पुरतं. घरी हे काम करणाऱ्यांनी ही एक गोष्ट तरी घरी करू नये.

आता रंग. रंगाचं कौशल्य हातात असतं असं मला वाटायचं. ते निम्मं हवेत असतं, हे मला तीन हंगामांनी शिकवलं.

पहिला हात मी श्रावणात मारला. घाई, दुसरं काय! सुताराकडून कॉम्प्रेसर आणि गन आणली, लांबी (पुट्टी) भरून घासलेल्या टाकीवर सर्फेसर दिला, त्यावर एनसी (नायट्रोसेल्युलोज) काळा. मारताना आरशासारखा दिसला. चहा पिऊन परत आलो तर टाकी राख फासल्यासारखी पांढुरकी. हा रंग वाळताना थिनर झपाट्यानं उडतो, पत्रा गार पडतो आणि हवेतली ओल त्या गार पत्र्यावर धरते. बाहेर भिंती घामेजलेल्या असताना मी रंग मारत होतो, दोष रंगाचा नव्हता. सगळं पुन्हा घासलं.

दुसरा प्रयत्न उन्हाळ्यात, ओल टाळायची म्हणून. चंद्रपूरचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. पारा ४६-४७ वर. रंग गनमधून निघून पत्र्यावर पोचेपर्यंत हवेतच अर्धा वाळत होता. पृष्ठभाग आला तो नागपुरी संत्र्याच्या सालीसारखा, हातानं मोजता येतील असे खड्डे. त्यात तुकूमची धूळ. आमच्या मागे औष्णिक वीज केंद्र, आजूबाजूला कोळशाच्या खाणी. दोरीवर वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी कसा होतो हे इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. ओल्या रंगावर ती काळी बुकटी बसली की काळ्या रंगातही दिसते, खसखस पेरल्यासारखी.

तिसरा हात दिवाळी झाल्यावर. झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो तोच हा काळ. वडशाच्या नाटक मंडळ्या रातरातभर गावोगाव प्रयोग करत फिरतात, रस्ते कोरडे झालेले असतात, धान निघत असतं. सकाळी धुकं उठल्यावर दहा ते बारा हे दोनच तास पकडले. ओसरीला आईच्या जुन्या लुगड्यांचा आडोसा केला, जमिनीवर पाणी शिंपडलं म्हणजे पायाखालची धूळ उठत नाही. गन वीतभर अंतरावर, हात मनगटातून न वळवता सरळ एका रेषेत, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. तीन पातळ हात, मध्ये वीस मिनिटं. आठ दिवसांनी २००० नंबरचा पेपर पाण्यात बुडवून घासला आणि पॉलिश चढवलं, तेव्हा टाकीत कवेलूंची ओळ दिसली. मी तोंडाला फक्त रुमाल बांधला होता, हेही कबूल करतो. हार्डनर घालून मारायचे पीयू रंग असतील तर रुमाल कुचकामी, त्यातले आयसोसायनेट फुप्फुसात उतरतात. त्यासाठी बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क हवाच, नाहीतर ते काम गॅरेजवाल्याला द्या.

रंग कोणता, यावरून घरात वाद झाला होता. भाचा म्हणाला, “मामा, मॅट मिलिटरी ग्रीन मारू, खतरनाक दिसंल.” खतरनाक दिसली असती यात शंका नाही, पण कायद्यालाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ क्रमांकाचा नियम सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांनाच. इतर कोणाच्याही गाडीला तो लावता येत नाही. गडचिरोलीच्या रस्त्यांवर, जिथे दर काही मैलांवर नाकं आणि वर्दी असते, तिथे हा शौक करणं नुसतं बेकायदा नाही, मूर्खपणाचं आहे. दुसऱ्या कुठल्याही रंगाला मनाई नाही, मात्र रंग आरसी बुकात नोंदलेला असतो. तो बदलला तर नोंदही आरटीओत बदलून घ्यावी लागते. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम त्याहून कडक आहे. चौकट कापणं, इंजिन बदलणं, नोंदीशी गाडी जुळणार नाही असा कुठलाही फेरफार परवानगीशिवाय चालत नाही. समाजमाध्यमांवर दिसणारे निम्मे बॉबर या कलमात अडकतील.

आमची काळी होती, काळीच ठेवली. फक्त टाकीवर बारीक पिवळी रेघ हवी होती, बाबांच्या वेळी होती तशी. स्टिकर मिळतो, पण तो मला नको होता. एकेकाळी नंबरप्लेट आणि दुकानांच्या पाट्या रंगवणारे पेंटर गल्लोगल्ली होते. फ्लेक्सनं पाट्या नेल्या, सरकारी सुरक्षा नंबरप्लेटनं उरलंसुरलं नेलं. एक म्हातारे पेंटर सापडले, नाटकांचे पडदे रंगवलेले. त्यांनी खारीच्या केसांचा लांब ब्रश काढला, श्वास रोखला आणि टाकीच्या पोटावरून एका दमात रेघ ओढली. पट्टी नाही, टेप नाही. दुसऱ्या बाजूची रेघ पहिलीपेक्षा किंचित जाड आहे. मी ती तशीच ठेवली.

आणखी एक चूक सांगतो, कारण ती बहुतेक जण करतात. स्टिअरिंगजवळ चौकटीवर चेसिस नंबर ठोकलेला असतो. मी उत्साहात त्याच्यावरही लांबी भरली होती. जुन्या गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि नंतर दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते, त्या वेळी कागद ठेवून पेन्सिलीनं चेसिस प्रिंट घेतात. नंबर उमटला नाही तर चमकणारी टाकी काही कामाची नाही. सुईनं कोरून कोरून ते आकडे मोकळे करायला एक अख्खा रविवार गेला. नूतनीकरणाचं शुल्कही आता पूर्वीचं राहिलेलं नाही, १ एप्रिल २०२२ रोजी मोटारसायकलला ३०० चे १००० झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारसायकलला २०००. गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर २०२१ च्या नियमांनी ‘व्हीए’ मालिकेतला व्हिंटेज नंबर मिळतो. आमची अजून त्या वयाची नाही.

इंजिनाला नवी रिंग, नवे पॉइंट, नवी क्लच वायर. पेट्रोलची रबरी नळी आणि कॉकचे वायसरही बदलले, कारण पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, हवेतलं पाणी ओढतं, आणि उभ्या गाडीच्या टाकीत पुन्हा गंज धरतो. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. त्या जिल्ह्यात उघडपणे मद्य पिऊन फिरायची मुभा असलेली एवढी एकच जमात, गाड्यांची.

पहिल्या दिवशी अकराव्या किकला ती लागली. ओसरी निळ्या धुरानं भरली. दोन हजार सालापासून कडक होत गेलेल्या प्रदूषण नियमांनी टू-स्ट्रोक का हटवल्या, हे त्या धुरात उभं राहिलं की पटतं. रोज कामावर न्यायची गाडी ही नव्हे, न्यायचीही नाही. मी तिला महिन्यातून दोनदा मूलपर्यंत नेतो. सहा व्होल्टचा दिवा इंजिनाबरोबर मंदावतो, म्हणून सूर्य मावळायच्या आत परत. ताडोबाच्या कडेचा रस्ता आहे, रात्री तिथे दिवा मंदावणं परवडत नाही. बाबा मागे बसतात, कॅरिअरला धरून. गिअर चुकला की पाठीत बोट टोचतात.

तुमच्या कोठ्यात, पडवीत अशी एखादी उभी असेल तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी एवढं करा. किक मारू नका. प्लग काढा, त्या भोकातून दोन चमचे टूटी सोडा, चार दिवस थांबा आणि मग गाडी तिसऱ्या गिअरला टाकून मागचं चाक हातानं हळू फिरवा. फिरलं तर इंजिन जिवंत आहे. त्यानंतर घरातली ट्रंक उपसा आणि आरसी बुक शोधा. ते हाती लागेपर्यंत रंगाच्या दुकानाची पायरी चढू नका.