अनामिकेचा हट्ट

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी उठलो, तर उजव्या हाताची अनामिका तळहातात मिटलेली. सरळ करायला गेलो, खट्‌कन आवाज झाला, कळ आली आणि मग ती उघडली. अशी बोटं ओपीडीत नेहमीच येतात. कापूस वेचणाऱ्या बायका, शिलाईवाले आणि मधुमेहाचे रुग्ण तर हमखास. त्याला आम्ही 'ट्रिगर फिंगर' म्हणतो. तरी स्वतःच्या बोटाचं निदान करायला मला तीन आठवडे लागले.

कारण होतं गिटार. त्रेपन्नाव्या वर्षी ती हातात घेतली आणि डोक्यात एकच रचना बसली, फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश वादकाची 'रेकुएर्दोस दे ला आलाम्ब्रा'. यात अंगठा खालचे सूर छेडतो आणि अनामिका, मधलं बोट व तर्जनी एकामागोमाग एकच तार वाजवतात. तीन मात्रांच्या आवर्तनात असे २४ आघात. नीट जमलं तर सूर अखंड वाहतो, नाही जमलं तर बैलगाडी खडकावरून जाते. माझी बैलगाडी होती.

अडायची अनामिकाच. तुम्हीही करून पाहा. तळहात टेबलावर टेकवा, मधलं बोट आत दुमडून ठेवा आणि बाकीची बोटं एकेक उचला. अनामिका उठणार नाही. तिला उचलणारी शिर शेजारच्या बोटांच्या शिरांशी तंतूंनी बांधलेली असते. म्हणजे मी शरीररचनेशीच भांडत होतो, आणि रागाने. रात्री दवाखाना आटोपून सलग दोन-दोन तास, तेही जलद लयीत. भजनी मंडळातला पखवाजवाला पोरगाही आधी ठाय लय धरतो, मग दुगुन, चौगुन. हे मला माहीत नव्हतं असं नाही.

त्यात मला आठ वर्षांपासून मधुमेह. बोट दुमडणारी शिर तळहाताशी एका अरुंद बोगद्यातून जाते. तिथे सूज येऊन शिरेवर गाठ झाली की ती अडकते, आणि मधुमेहींमध्ये हे जास्त आढळतं. स्टेरॉइडचं इंजेक्शन चालतं, पण मधुमेहींची साखर त्याने काही दिवस वाढते. म्हणून मी आधी महिनाभर विश्रांती आणि रात्री पट्टी स्वीकारली. ओपीडीत एका मावशीने विचारलं, "साहेब, तुमचं बोट काय झालं हो?" "तार लागली," म्हणालो. तिला ती विजेची वाटली. मी दुरुस्त केलं नाही.

त्या महिन्यात वाचायला वेळ मिळाला. १९९५ साली 'सायन्स' नियतकालिकात ९ तंतुवादकांवरचा अभ्यास आला होता. त्यात गिटारवादक एकच. डाव्या हाताच्या बोटांना मेंदूत मिळालेली जागा इतरांपेक्षा मोठी आढळली. लहानपणी सुरुवात केलेल्यांत अधिक. उजव्या हातात तसा फरक दिसला नाही, हे मला जरा लागलं. पण वादकांत बहुतेक व्हायोलिनवाले, त्यांचा उजवा हात गज धरतो, असं मी स्वतःला समजावलं.

आणि तारेगांविषयी वाचलं. १९०६ मध्ये त्यांच्या उजव्या अंगावर पक्षाघात झाला. नंतर ते रंगमंचावर परतले, पण पूर्ण बरे झाले नाहीत. १९०९ मध्ये गेले. पक्षाघाताच्या रुग्णांना मी वर्षानुवर्षं 'रोज व्यायाम करा' एवढंच सांगून पुढचा केसपेपर घेत आलो. किती वेळ, किती हळू, दुखलं तर काय, कुणी विचारलंच तर सांगायचो. आता विचारायच्या आधी सांगतो: दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं, दमायच्या आत थांबा, झोप पुरी घ्या, कारण शिकलेली हालचाल मेंदू झोपेतही पक्की करतो. परवा मन्याड काठच्या गावातले एक आजोबा उजव्या हाताने सदऱ्याची दोन बटणं लावून दाखवायला आले. तिसरं सुनेने लावलं.

पट्टी सुटली. इंजेक्शनची वेळ आली नाही, मात्र सकाळी बोट अजून थोडं ताठ असतं. आता मोबाईलवर गजर लावून पंधरा मिनिटं वाजवतो, लय मूळ गतीच्या निम्मी. नखं वाढवता येत नाहीत, रुग्ण तपासायचे असतात. बोटांच्या मांसानेच वाजवतो. तारेगाही उत्तरायुष्यात तसंच वाजवायचे. पहिल्या आठ ओळी येतात. काल गजर झाला तेव्हा सूर लागला होता, तरी गिटार खुंटीला टांगली.