कॅन्सर पसरतो कसा? विकरांची (एन्झाइम्सची) भूमिका



सातवीच्या वर्गात पचनसंस्थेचा पाठ चालू होता. पोळीचा घास बराच वेळ चावला की गोड लागतो, कारण लाळेतलं विकर पिष्टमय पदार्थाचे तुकडे करतं, हे मुलांनी करून पाहिलं. तास संपताना एक मुलगी म्हणाली, "मॅडम, माझ्या आजीच्या गालात कॅन्सरची जखम होती. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला, आणि मग मानेत गाठ आली. सुई-कात्री लागली की कॅन्सर पसरतो का?"

मी तेव्हा "नाही गं" एवढंच म्हणू शकले. का नाही, ते वाचून मग पुढच्या आठवड्यात सांगितलं. तेच इथे मांडते.

पातळ पडदा

आपल्या गालाचं आतलं अस्तर म्हणजे पेशींचे थर. या थरांखाली प्रथिनांचा एक अतिशय पातळ पडदा असतो. त्याला बेसमेंट मेम्ब्रेन म्हणतात. त्यात मुख्यतः 'कोलॅजेन ४' नावाच्या प्रथिनाची जाळी असते. अस्तरात रक्तवाहिन्या नसतात, त्या पडद्याच्या पलीकडे असतात. म्हणून बिघडलेल्या पेशी जोवर अलीकडे आहेत, तोवर त्यांना दुसऱ्या अवयवात जायला वाटच नसते. या टप्प्यावर आजार सापडला, तर तेवढा भाग काढून बरं होण्याची शक्यता खूप जास्त असते.

पडदा कापणारी विकरं

मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्ची पपई लावतो. पपईतलं विकर मांसातली प्रथिनं तोडतं. कॅन्सरच्या पेशीही प्रथिनं तोडणारी विकरं बाहेर सोडतात. त्यांतला महत्त्वाचा गट म्हणजे 'मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज', थोडक्यात एमएमपी. माणसात याचे वीसहून अधिक प्रकार आहेत आणि प्रत्येकाच्या मध्यभागी जस्ताचा अणू असतो. एमएमपी-२ आणि एमएमपी-९ हे दोन प्रकार कोलॅजेन ४ ची जाळी तोडू शकतात. कॅन्सरच्या पेशी आजूबाजूच्या निरोगी पेशींनाही ही विकरं बनवायला लावतात.

पडद्याला भोक पडलं की पेशी पलीकडे शिरतात, तिथून रक्तवाहिनीत किंवा लसीकावाहिनीत जातात. तोंडाच्या कॅन्सरमध्ये पहिला थांबा बहुतेक वेळा मानेतल्या लसीकाग्रंथी असतो. वाटेत बहुतांश पेशी मरतात, थोड्याच नव्या जागी रुजतात. बियाणं आणि जमीन दोन्ही जुळावं लागतं, असं इंग्लंडचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी 1889 मध्येच मांडलं होतं. या पसरण्याला मेटास्टॅसिस म्हणतात. कॅन्सरचे बहुतेक मृत्यू त्यामुळेच होतात.

मग ही विकरं वाईट का?

नाही. बेडकाच्या पिल्लाचं शेपूट कुठे जातं, हा आपल्या मुलांचा आवडता प्रश्न. 1962 मध्ये जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर यांनी याच शेपटात कोलॅजेन तोडणारं विकर शोधलं. एमएमपी गटाची ओळख तिथून सुरू झाली. आपली जखम भरतानाही हीच विकरं कामाला येतात. एरवी ती बंद अवस्थेत तयार होतात आणि त्यांना आवरणारी प्रथिनंही शरीरातच असतात. कॅन्सरमध्ये हा तोल जातो.

म्हणूनच औषध सोपं नाही. 1990 च्या दशकात मारिमास्टॅटसारखी एमएमपी रोखणारी औषधं रुग्णांवर तपासली गेली. सांधे-स्नायू दुखू लागले, आणि अपेक्षित फायदा झाला नाही. सगळीच विकरं अडवली की शरीराला लागणारीही अडतात. शिवाय अनेक रुग्णांचा आजार आधीच पसरलेला होता.

आजीच्या गाठीचं उत्तर

पडदा ओलांडायचं काम तपासणीच्या आधीच चालू झालेलं असतं. मानेतली गाठ हाताला लागेपर्यंत पेशी तिथे पोचून बराच काळ झालेला असतो. तुकडा काढून तपासल्यामुळे कॅन्सर पसरण्याची शक्यता अत्यंत कमी असते. "सुई लावली की पसरतो" या भीतीनं तपासणी लांबवली, तर मात्र विकरांना आयता वेळ मिळतो.

त्यामुळे पालकांना एवढंच सांगणं आहे. घरात कुणी मिश्री, तंबाखू, गुटखा घेत असेल तर तोंडात पांढरा-लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा तोंड कमी उघडणं याकडे लक्ष ठेवा. दिसलं की लगेच डॉक्टरांकडे न्या.

वर्गात करून पाहा

जिलेटिन कोलॅजेनपासूनच बनतं. जिलेटिनची जेली दोन वाट्यांत लावा. एकीवर ताज्या अननसाची फोड ठेवा, दुसरीवर चांगली उकळलेली. काही वेळाने ताज्या फोडीखालची जेली पातळ झालेली दिसेल, कारण अननसातलं विकर ती तोडतं. उकळल्यावर विकर निकामी होतं. चायना ग्रासची जेली इथे चालत नाही. जिलेटिन प्राण्यांपासून येतं, म्हणून पालकांना आधी कल्पना द्या.

त्या मुलीनं प्रयोग पाहिला आणि म्हणाली, "म्हणजे आजीला तपासायला नेलं ते चुकलं नाही ना?" नाही, चुकलं नाही. तिच्या घरी जाऊनही मी तेच सांगून आले.