घारापुरी : शिलालेख हरवलेले बेट

खानदेशाला समुद्र नाही. पांझरेचे पाणी तापीत जाते आणि तापी ते सुरतेजवळ समुद्राच्या स्वाधीन करते, एवढाच आपला आणि समुद्राचा पिढीजात संबंध. त्यामुळे धुळे-देवपुराकडचे कुटुंब मुंबईस गेले, की राणीचा बाग, चौपाटी आणि घारापुरी ही तीन ठिकाणे पाहिल्यावाचून परतत नाही. परत आल्यावर कोणी विचारले, "घारापुरीस काय पाहिले?" तर उत्तर ठरलेले असते. लाँच छान होती, पायऱ्या पुष्कळ होत्या, माकडांनी भाकरी पळविली आणि त्रिमूर्ती पाहिली. हे उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. एखादे बेट पाहावयाचे म्हणजे काय पाहावयाचे, आणि घारापुरीचा आपल्या खानदेशाशी काही लागाबांधा आहे काय, या दोन प्रश्नांचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

बेट कसे पाहावे हे समजण्यासाठी प्रथम थोडे दूर, ग्रीस देशात जाऊ. तेथे एजियन समुद्रात डेलॉस नावाचे एक बेट आहे. त्याचे क्षेत्रफळ अवघे साडेतीन चौरस किलोमीटरांच्या आसपास. अपोलो देवाचे हे जन्मस्थान अशी ग्रीकांची श्रद्धा होती. बेटाचे पावित्र्य राखण्यासाठी अथेन्सने इ. स. पूर्व ४२६ च्या सुमारास तेथील सारी थडगी उकरून हलविली आणि यापुढे या भूमीवर कोणी जन्मू नये व कोणी मरू नये असा दंडक घातला. पुढे इ. स. पूर्व १६७ च्या सुमारास रोमने ते जकातमुक्त बंदर केले. तेव्हा देवळाच्या सावलीत बाजारपेठ वाढली आणि दुर्दैवाने गुलामांचा व्यापारही वाढला. इ. स. पूर्व ८८ मध्ये शत्रूने व इ. स. पूर्व ६९ मध्ये चाच्यांनी ते लुटले आणि बेट हळूहळू ओस पडले. आज मिकोनोस बेटावरून अर्ध्या तासात नाव तेथे पोहोचते. प्रवासी दिवसभर हिंडतात आणि सायंकाळी परततात, कारण रात्री राहण्याची त्यांना परवानगी नाही.

देऊळ, बंदर, लूट, ओसाडी आणि दिवसापुरते येणारे प्रवासी : डेलॉसची ही कहाणी ऐकताना घारापुरीचीच गोष्ट चालली आहे असे वाटावे, इतके दोघांत साम्य आहे. मात्र एक मोठा भेदही आहे. डेलॉसच्या दगडांवर लेख आहेत. १८७३ पासून फ्रेंच विद्वानांनी तेथे उत्खनन चालविले आणि देवस्थानचे हिशेबच्या हिशेब हाती आले. सुताराला मजुरी काय दिली, सरपण कोणत्या भावाने घेतले, बळी देण्याचे डुक्कर कितीला पडले, हे सारे तेथे कोरलेले आहे. घारापुरीचे दगड मात्र बोलत नाहीत. एवढे प्रचंड शिल्प कोणी घडविले, त्याचे नाव सांगणारा एकही अक्षर-पुरावा लेण्यांत आज उरलेला नाही.

आता घारापुरीकडे वळू. मुंबईच्या गेटवेपासून हे बेट सुमारे दहा किलोमीटर आहे आणि लाँचने तासाभराचा प्रवास आहे. मुंबईच्या इतक्या जवळ असूनही ते रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात मोडते. दोन टेकड्या आणि मध्ये खोलगट भाग अशी त्याची ठेवण आहे. बेटावर तीन गावे आहेत : शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर. या तिन्ही नावांच्या शेवटी 'बंदर' आहे हे ध्यानात घ्यावे. आपण ज्याला लेण्यांचे बेट म्हणतो, ते मूळचे गलबतांचे बेट होते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा अनामिक नाविकाने ग्रीक भाषेत या समुद्राचे एक मार्गदर्शक पुस्तक लिहिले. 'पेरिप्लस' या नावाने ते प्रसिद्ध आहे. त्यात सोपारा आणि कल्याण यांचा उल्लेख आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर दान देणाऱ्या 'यवनां'ची नावे आहेत. अशा या किनाऱ्यावर घारापुरीलाही परदेशी भांड्यांची खापरे सापडली. ती मद्य वाहून आणणाऱ्या रोमन कुंभांची आहेत असे पुष्कळ काळ मानले जाई. रॉबर्टा टोम्बर या विदुषीने अशी खापरे पुन्हा तपासली, तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरची त्यांतील बरीच इराणी आखाताच्या बाजूची आहेत असे निष्पन्न झाले. येथे पश्चिमेकडून माल येत होता ही गोष्ट यामुळे ढळत नाही. फक्त कोणता माल कोठून आला, हे अधिक नेमके कळते. पूर्वेकडील टेकडीवर बौद्ध स्तूप आणि दोन लेणी आहेत, तीही या जुन्या वस्तीचीच साक्ष देतात. बहुतेक प्रवासी तिकडे पाऊलही टाकीत नाहीत.

पश्चिमेकडील टेकडीवर पाच शैव लेणी आहेत. त्यांतील पहिले ते मुख्य. काळ्या कातळात वरून खाली आणि बाहेरून आत खोदीत नेलेले हे मंदिर सुमारे ३९ मीटर खोल आहे. येथे दगडावर दगड रचलेला नाही. नको असलेला दगड काढून टाकला आणि हवा तो ठेवला. खांब छत पेलून धरतात असा भास होतो, परंतु छत व खांब एकाच कातळाचे आहेत. कारागिराचा एक घाव चुकला, तर दुसरा दगड आणून बसविण्याची सोय नव्हती.

आत शिरताच समोरच्या भिंतीत जी भव्य मूर्ती दिसते, तिला आपण त्रिमूर्ती म्हणतो आणि ब्रह्मा, विष्णू, महेश अशी नावे देतो. वस्तुतः ही तिन्ही मुखे एकट्या शिवाचीच आहेत. मूर्ती सुमारे साडेपाच मीटर उंच आहे. मधले मुख शांत, डोळे मिटलेले. आपल्या डाव्या हाताचे मुख उग्र, ते अघोर. उजव्या हाताचे कोमल, हाती कमळ धरलेले, ते वामदेव. संहार, समाधी आणि सौंदर्य ही एकाच तत्त्वाची अंगे आहेत हे सांगण्यास तत्त्वज्ञांना ग्रंथ लिहावे लागले असते. येथे शिल्पकाराने ते एका दृष्टिक्षेपात सांगितले आहे. मूर्तीच्या एका बाजूस अर्धनारीश्वर आणि दुसऱ्या बाजूस गंगाधर आहे. शिवाय कल्याणसुंदर म्हणजे शिवपार्वतीविवाह, अंधकासुराचा वध, नटराज, योगेश्वर, कैलास हलविणारा रावण हे शिल्पपट आहेत. आमची सूचना एवढीच, की आत गेल्यावर पाच मिनिटे काही न बोलता बसावे. तीन बाजूंनी येणाऱ्या मंद उजेडाला डोळे सरावले, म्हणजे मूर्ती आपोआप भिंतीतून पुढे येऊ लागतात.

हे कोणी घडविले? १५३४ मध्ये हा प्रदेश पोर्तुगीजांच्या हाती गेला. लेण्यांच्या दाराशी लेख असलेली एक शिळा होती, ती काढून पोर्तुगालच्या राजाकडे पाठविण्यात आली आणि तेथे ती वाचणारा कोणी भेटला नाही, असे दियोगु दु कोतु या पोर्तुगीज इतिहासकाराने नमूद केले आहे. ती शिळा पुढे नाहीशी झाली. कुतूहलापोटी उचललेला तो दगड आपल्या जागी राहिला असता, तर कदाचित एका ओळीत निकाल लागला असता. लेख गेल्यामुळे मग पांडवांनी लेणी खोदली, बाणासुराने खोदली, अशा आख्यायिकांना मोकळे रान मिळाले.

लेख हरवला, तरी इतिहास अगदीच मुका राहिला नाही. बेटावर कृष्णराज नावाच्या राजाची तांब्याची नाणी सापडली आहेत. हा राजा माहिष्मतीच्या कलचुरी घराण्यातील, सहाव्या शतकाच्या मध्यास होऊन गेलेला. त्याच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूस राजाचे मुख आणि दुसऱ्या बाजूस नंदी असून, तो स्वतःला परम माहेश्वर म्हणजे शिवाचा निस्सीम भक्त म्हणवितो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ही लेणी कलचुरींची असल्याचे प्रतिपादन केले आणि वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकानेही त्यास दुजोरा दिला. डॉ. शोभना गोखले यांचे अनुमान तर मोठे मार्मिक आहे. तांब्याची ही हलक्या किमतीची नाणी लेणी खोदणाऱ्या मजुरांच्या वेतनाची असावीत, असे त्या म्हणतात. डेलॉसला मजुरीचा हिशेब दगडावर मिळाला. आपल्याला हिशेब मिळाला नाही, पण मजुरीचा पैसा मातीत मिळाला!

येथेच खानदेशाचा संबंध येतो. माहिष्मती नर्मदेच्या तीरी आणि घारापुरी कोकणच्या समुद्रात. नर्मदेकडून कोकणात उतरणाऱ्याला तापीचे खोरे ओलांडावेच लागते. आजचा मुंबई-आग्रा रस्ताही धुळ्यावरूनच जातो. कृष्णराजाची नाणी उत्तरेस राजस्थानपासून दक्षिणेस साताऱ्यापर्यंत आणि पश्चिमेस साष्टीपासून पूर्वेस अमरावतीपर्यंत मिळाली आहेत. नकाशावर या चार टोकांना जोडून पाहावे, म्हणजे मध्यभागी आपलाच मुलूख दिसेल. त्याच्या पश्चात सुमारे दीडशे वर्षांनी नाशिकजवळच्या अंजनेरी येथील ताम्रपटातही 'कृष्णराज-रूपक' या नाण्यांचा उल्लेख येतो.

या नाण्याला ग्रीकांचाही स्पर्श आहे. नाण्यावर राजाचे मुख कोरण्याची रीत ग्रीक राजांकडून क्षत्रपांनी उचलली. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांवर क्षत्रप नहपानाचे मुख आहे आणि भोवती ग्रीक अक्षरे आहेत. क्षत्रपांकडून त्रैकूटकांकडे आणि त्यांच्याकडून कृष्णराजाकडे ही रीत आली. ग्रीकांच्या 'द्राख्मे' या नाण्याचे संस्कृतात 'द्रम्म' झाले आणि आपण बाजारात जे 'दाम' मोजतो ते त्याचेच वंशज. एवढ्या लांबच्या बेटांची नाती अशी आपल्या कनवटीला बांधलेली असतात.

पोर्तुगीजांना बेटावर दगडी हत्ती दिसला, म्हणून त्यांनी बेटाला एलिफंटा नाव दिले. १८१४ मध्ये या हत्तीचे मस्तक व मान कोसळली. पुढे १८६४ मध्ये त्याचे अवशेष मुंबईस आणले गेले आणि १९१४ मध्ये ते पुन्हा जोडण्यात आले. आज तो भायखळ्यास, राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव दिलेल्या संग्रहालयापाशी उभा आहे. याच भाऊ दाजींनी चाळीसगावजवळच्या पाटणे येथील शिलालेख उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याचे १२०७ च्या त्या लेखामुळेच आपणास ठाऊक झाले. दोन दगडांचे हे दोन नशीब पाहा. पाटण्याचा दगड जागेवर राहिला, म्हणून खानदेशातील विद्येची परंपरा सिद्ध झाली. घारापुरीचा गेला, म्हणून तिच्या कर्त्याविषयी अद्याप अनुमानेच करावी लागतात.

ज्या धुळ्यात १९२६ च्या अखेरीस इतिहासाचार्य राजवाडे यांनी देह ठेवला आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले, त्या गावच्या लोकांना जुन्या कागदाचे मोल सांगण्याची आवश्यकता नाही. घरच्या माळ्यावरील बाड असो की शेताच्या बांधावरील अक्षरांचा धोंडा असो, तो हलविण्यापूर्वी जाणत्या माणसास दाखवावा. घारापुरीची यात्रा आपणास हेच शिकविते.

आता प्रवासाविषयी चार व्यवहाराच्या गोष्टी. सोमवारी लेणी बंद असतात. पावसाळ्यात समुद्र खवळला, की लाँचा थांबतात. म्हणून थंडीचे दिवस उत्तम. त्या दिवसांत समुद्रपक्ष्यांचे थवे लाँचेबरोबर उडत येतात आणि मुले हरखून जातात. १८ डिसेंबर २०२४ रोजी या मार्गावर नौदलाची वेगवान नौका प्रवासी लाँचवर आदळून अनेकांचे प्राण गेले. तेव्हा जीवरक्षक जाकीट उकडते म्हणून काढून ठेवू नये. सकाळच्या पहिल्या लाँचेने जावे. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत लहानशी आगगाडी आहे, पण पायी चालल्यास खाडीचा चिखल, तिवरांची झाडे आणि कोळ्यांच्या होड्या दिसतात. लेणी पाहून झाल्यावर तोफांच्या टेकडीवर चढावे. तेथून न्हावा-शेवा बंदरातील अजस्र जहाजे आणि २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू दिसतो. जुन्या बंदरावर उभे राहून नवे बंदर पाहण्याची ही जागा आहे.

मग शक्य तर गावात एक फेरी मारून तेथेच जेवावे. मुंबईचे दिवे रोज रात्री समोर लखलखताना पाहणाऱ्या या गावांना समुद्रतळाखालील तारेने कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. १९८७ मध्येच ही लेणी जागतिक वारशाच्या यादीत गेली होती. म्हणजे जगाने तेथील दगडांची दखल घेतल्यानंतर माणसांच्या घरात दिवा लागण्यास आणखी एकतीस वर्षे गेली. डेलॉसवर आज नांदते गाव नाही. घारापुरीस मात्र अजून चुली पेटतात, मुले शाळेत जातात, महाशिवरात्रीस भाविक येतात. हा आपल्या बेटाचा मोठेपणा आहे आणि तोही पाहण्यासारखा आहे. पुढच्या खेपेस घारापुरीहून परतल्यावर कोणी विचारले, तर माकडांच्या आधी या माणसांविषयी सांगावे.