वापरलेले कपडे नकोत, असे आपण का म्हणतो?

गेल्या काही वर्षांत शहरांतल्या तरुणांमध्ये वापरलेले कपडे विकत घेण्याची पद्धत रुजते आहे. इन्स्टाग्रामवर ‘थ्रिफ्ट’ या नावाने जुने शर्ट, जॅकेट, साड्या विकल्या जातात आणि घेणारे ते अभिमानाने सांगतातही. पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार पूर्वीपासून आहेच. पण तिथून आणलेला कपडा पूर्वी कोणी सांगत नसे. यामागे पर्यावरणाचेही कारण आहे. एक सुती शर्ट तयार व्हायला कापसाच्या शेतापासून धरून सुमारे २,७०० लिटर पाणी लागते, असा अंदाज सांगितला जातो. तो कपडा चार वर्षांऐवजी आठ वर्षे वापरला गेला तर फायदा सगळ्यांचाच आहे.

मात्र आपल्या वस्त्यांमध्ये हाच विषय काढला की चेहरे बदलतात. विहारात जुन्या कपड्यांचे वाटप ठेवले तर ज्यांना गरज आहे तीच माणसे पुढे येत नाहीत. “आम्ही का दुसऱ्याच्या अंगावरचं घालायचं?” हा प्रश्न बायाबापड्या सरळ विचारतात. शिकलेली मुले याला मागासलेपणा म्हणतात, कोणी दिखाऊपणा म्हणतात. वस्तीत सामाजिक काम करताना मला मात्र या नकारामागे एक पक्का अनुभव दिसतो. तो बहुतेक वेळा बालपणातला असतो, आणि त्याच्याही मागे आपल्या समाजाचा इतिहास आहे.

बालपणातल्या तीन वाटा

गरीब किंवा बेताच्या घरात मुलांपर्यंत कपडा तीन वाटांनी येतो.

पहिली वाट भावंडांची. ताईचा फ्रॉक धाकटीला, दादाची पँट धाकट्याला. गणवेश मुळातच वाढत्या मापाचा घ्यायचा, खाली दुमड घालायची आणि मूल वाढेल तशी ती सोडायची. धाकट्याच्या वाट्याला नवे कमी येते म्हणून थोडी कुरकुर असते, पण अपमान नसतो. कपडा आपल्याच माणसाचा असतो.

दुसरी वाट घरच्या शिलाईची. आईच्या जुन्या लुगड्याचे बाळाचे झबले, वडिलांच्या धोतराचे लंगोट, उरलेल्या तुकड्यांची गोधडी. बाळाला नवे कापड टोचते, धुऊन धुऊन मऊ झालेलेच चांगले, हे प्रत्येक आजीला ठाऊक असते. सणाला एकाच ताग्यातून सगळ्या भावंडांचे कपडे शिवले जात. अशा घरात वाढलेले मूल कपड्याची किंमत छापील चिठ्ठीवरून करत नाही. ते आधी कापडाचा पोत पाहते, उलटी बाजू पाहते, शिवण ओढून पाहते.

तिसरी वाट मालकाच्या घरची. आई धुणीभांडी करते त्या घरातल्या मुलांचे कपडे पिशवीतून येतात. कधी बटण नसते, कधी चेन तुटलेली असते. घालायला आवडेल का, हे कोणी विचारलेले नसते आणि नको म्हणायची सोय नसते. सर्वांत वाईट म्हणजे तो कपडा शाळेत किंवा रस्त्यात ओळखला जातो. “हा तर माझा शर्ट!” एवढे एक वाक्य मूल जन्मभर विसरत नाही.

या तीन वाटा आपण एकाच शब्दात कोंबतो: ‘जुने कपडे’. पण मुलाच्या मनात प्रत्येकीची नोंद वेगळी होते. पहिल्या दोन वाटांनी आलेला कपडा आपलेपणा आणि कसब शिकवतो. तिसऱ्या वाटेने आलेला कपडा आपली पायरी दाखवून देतो. म्हणूनच सारख्याच गरिबीत वाढलेल्या दोन माणसांपैकी एक जण मोठेपणी जुन्या बाजारात आनंदाने फिरतो, तर दुसरा पगार झाला की आधी नवा शर्ट घेतो. कपडा कोणाकडून आला आणि कसा आला, याचा यात मोठा वाटा असतो.

मदत कशी मिळते यावरही हेच अवलंबून असते. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांमधल्या सर्व मुलींना मोफत गणवेश मिळे. मुलांमध्ये मात्र फक्त अनुसूचित जाती-जमाती आणि दारिद्र्यरेषेखालील मुलांना. कापड नवे असले तरी वर्गात नावे पुकारून दिल्यावर कोण कोणत्या यादीतला, हे सगळ्यांना कळायचे.

कपड्यावर लिहिलेली जात

आपल्या समाजाच्या बाबतीत ही तिसरी वाट फार जुनी आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मृतांची वस्त्रे वापरावीत, असा नियम आहे. त्याच अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्राला जीर्ण वस्त्रे द्यावीत, असेही सांगितले आहे. म्हणजे वापरलेला कपडा ही मदत नव्हती, ती पायरी ठरवणारी आज्ञा होती. गावगाड्यात मढ्यावरचे कापड हा महारांचा ‘हक्क’ मानला जाई. अपमानालाच हक्काचे नाव देणारी ही वतनाची पद्धत मोडावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९५८ साल उजाडले.

नवे कापड मिळाले तरी ते हवे तसे नेसता येत नव्हते. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमचं’ या आत्मकथनात नोंदवले आहे की महार स्त्रियांना लुगड्याचे काठ निऱ्यांमध्ये लपवावे लागत. काठ दिसले तर तो गुन्हा ठरे.

म्हणून डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाल्यानंतर बाबासाहेब स्त्रियांशी बोलले तेव्हा लुगडे नेसण्याची पद्धत बदला, जात ओळखू येईल असे दागिने टाका, स्वच्छ राहा, हे त्यांनी आवर्जून सांगितले. बाबासाहेबांचा कोट आणि टाय याच अर्थाने आपल्या घराघरांतल्या भिंतीवर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोक शुभ्र वस्त्रांत दीक्षा घ्यायला आले. आजही अनेक घरांत १४ एप्रिलला मुलांना नवे कपडे घेतात, मग त्यासाठी उसनवारी करावी लागली तरी चालते. बाहेरच्याला ही उधळपट्टी वाटेल. पण ज्यांच्या पिढ्यांना नवे कापड नाकारले गेले, त्यांच्यासाठी तो कोरा सदरा नागरिकत्वाचा दाखला आहे.

निवड कोणाला परवडते?

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिअ यांनी १९७९ च्या ‘डिस्टिंक्शन’ या ग्रंथात दाखवले की आपली आवडनिवड ही केवळ व्यक्तिगत नसते. ती आपल्या वर्गातून आणि वाढण्यातून घडते. ज्यांना गरजेची चिंता नसते ते गरजेच्या वस्तूशीही खेळू शकतात. फाटकी जीन्स घालून ऐटीत फिरणाऱ्याला कोणी गरीब समजत नाही, कारण त्याचे आडनाव, भाषा आणि हातातला फोन त्याची साक्ष देतात. तीच जीन्स वस्तीतल्या मुलाने घातली की सुरक्षारक्षक दारात अडवतो. तेव्हा ‘साधे राहा, जुने वापरा’ हा उपदेश सगळ्यांना सारखा लागू होत नाही. आत्ता कुठे नवे घेऊ लागलेल्या पहिल्या पिढीला तो करण्यापूर्वी शंभरदा विचार केला पाहिजे.

धम्मातले जुने वस्त्र

मग आपण जुन्या कपड्याला कायमचे नाकारायचे का? इथे विनयपिटक आपल्याला वेगळी दृष्टी देते. सुरुवातीला भिक्खू पांसुकूल, म्हणजे टाकून दिलेल्या चिंध्यांचे चीवर वापरत. त्यात स्मशानातले कापडही असे. जीवकाने भगवान बुद्धांना उत्तम वस्त्र अर्पण केले तेव्हा बुद्धांनी गृहस्थांनी दिलेले चीवर घेण्याची मुभा दिली आणि ज्याला पांसुकूल हवे त्याने ते वापरावे, असेही सांगितले. कापड तेच, स्मशानातले. मनूने ते माणसावर लादले. बुद्धांनी ते ज्याच्या त्याच्या निवडीवर सोडले.

संयुत्त निकायात महाकस्सप सांगतात की त्यांनी आपली मऊ संघाटी बुद्धांना दिली आणि बुद्धांचे वापरून झिजलेले पांसुकूल स्वतः घेतले. हे त्यांनी आयुष्यातला मोठा सन्मान मानले. दोघांनीही एकमेकांचे वापरलेलेच वस्त्र घेतले होते. चुल्लवग्गात राजा उदेन आनंदांना विचारतो की एवढ्या चीवरांचे तुम्ही करता काय? आनंद पायरीपायरीने सांगतात: जुन्या चीवरांचे पलंगपोस, त्यांची पुढे गादीची खोळ, मग अंथरूण, मग पायपुसणे, मग धूळ झटकायचे फडके आणि शेवटी चिखलात कालवून जमिनीला लिंपण. आपल्या आजीच्या गोधडीमागचा विचार याहून वेगळा नाही.

विहारांना काय करता येईल?

वाटपाऐवजी अदलाबदल ठेवावी. प्रत्येकाने काही आणावे, प्रत्येकाने काही न्यावे. मग कोणी दाता उरत नाही आणि कोणी याचकही उरत नाही. कपडे धुऊन, इस्त्री करून, बटणे लावून टांगून ठेवावेत, म्हणजे निवडता येतात. ढीग लावू नये. शक्य तिथे पाच-दहा रुपये किंमत ठेवावी, कारण विकत घेणाऱ्याला नको म्हणता येते. देतानाचे फोटो काढू नयेत. मुलांचे कपडे शक्यतो दुसऱ्या वस्तीत पाठवावेत, म्हणजे शाळेत ओळखले जाण्याची भीती राहत नाही. महिला मंडळाकडे शिलाई मशीन असेल तर महिन्यातून एक दिवस दुरुस्तीचा ठेवावा आणि त्या दिवशी मुलांनाही बटण लावायला, उसवलेले शिवायला शिकवावे.

आणि ज्या आईला आपल्या मुलीसाठी १४ एप्रिलला नवाच फ्रॉक हवा आहे, तिला काटकसर शिकवायला जाऊ नये. तो फ्रॉक पुढे धाकटीला येईल, मग त्याची उशीची खोळ होईल, शेवटी पायपुसणे होईल. ते तिला आपल्यापेक्षा जास्त कळते.